किलोच्या भावातली हत्यारं

सेकंड इयरला असतानाची गोष्ट. रूममेटच्या सायकलीचं चाक काढायचं होतं आणि पाना मिळेना. हॉस्टेलचे तिन्ही मजले पालथे घातले, तेव्हा कुठे एक स्क्रू-ड्रायव्हर निघाला, तोही टोक गोल झालेला. मेकॅनिकलची एवढी पोरं एका छपराखाली आणि पाना एकाकडेही नाही! शेवटी चाक काढलं ते रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने. त्याच्याकडचा पाना भंगारातून आणलेला होता, हे त्यानेच सांगितलं. तिथून मला हा नाद लागला.

परदेशात म्हणे लोक घरासमोर जुनं सामान मांडून विकतात, कुणी वारलं की अख्ख्या घराची विक्री लावतात. आपल्याकडे ते काम भंगारवाला करतो. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्या शहापूर-मुरबाडकडे बघायचं कुणाला सुचत नाही. इथे नाशिक हायवेच्या कडेला ट्रकची गॅरेजं आहेत, मुरबाडला एमआयडीसी आहे आणि गावोगाव सुतार-लोहारांची घरं आहेत. शिवाय मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत किंवा कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्य घालवून गावी परतलेले फिटरही आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी कामगार कायमचे घरी बसले. अशा घरांच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी हमखास असते. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते आणि तराजूत चढते. म्हणून भंगाराच्या दुकानात जायचं तर दिवाळीच्या आगेमागे जावं. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत बैलबाजाराइतकीच घोंगड्यांची आणि शेतीच्या अवजारांची गर्दी असते. तिथे लोहाराचा माल नवा मिळतो, पण घासाघीस करता येते आणि कोयता कसा पारखायचा हे फुकटात शिकता येतं.

आता पारख कशी करायची ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे गंजाला घाबरू नका. आपल्याकडच्या पावसात चार महिने उघड्यावर पडलेलं कुठलंही लोखंड लाल होणारच. बहुतेक वेळा गंज वरवरचा असतो आणि गंज दिसतो म्हणूनच वस्तू स्वस्त मिळते. घाबरायचं ते तडा, झीज आणि उतरलेलं पाणी या तीन गोष्टींना.

तडा बिडाच्या वस्तूंमध्ये बघावा, म्हणजे वाईस, लोखंडी रंधा वगैरे. बीड ठिसूळ असतं, वेल्डिंग नीट घेत नाही. दोरीला टांगून हलकेच ठोकलं की धड वस्तू वाजते, तडकलेली खडखडते. नवाकोरा रंग दिसला तर आधी संशय घ्या. मी एक वाईस असाच हौसेने आणला. घरी रंग खरवडला तर खाली लांबी भरलेली आणि लांबीखाली बोटभर भेग! चारशे रुपये गेले. तेव्हापासून रंगवलेल्या वस्तूपेक्षा गंजलेली वस्तू मला जास्त प्रामाणिक वाटते.

झीज बघायची ती पान्याच्या तोंडात. खिशात १३ चा एक नट ठेवा आणि पाना त्याच्यावर बसवून बघा. इथे एक गंमत आहे. जुन्या पान्यांवर कधीकधी W लिहिलेलं असतं, म्हणजे विलायती व्हिटवर्थ माप. मेट्रिकचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला, पण जुन्या यंत्रांवर इंची नटबोल्ट पुढे कितीतरी वर्षं राहिले. आपल्या आजच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा असतो, व्हिटवर्थवर मात्र बोल्टच्या व्यासाचा. म्हणून १/४ W च्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिमी भरतं. आपल्या १३ च्या नटावर तो छान बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे घेऊन येतो. स्वस्त आहे म्हणून असे पाने उचलू नका.

पाणी उतरलंय का हे पटाशी आणि रंध्याच्या पात्यावर बघायचं. ग्राइंडरवर कुणी दाबून धार लावली असेल तर टोक निळं पडलेलं असतं. निळं म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि धार मऊ झाली. निळा भाग थोडा असेल तर तेवढा थंड पाण्यात बुडवत-बुडवत घासून काढता येतो. हाताशी कानस असेल तर ती हलकेच ओढून बघा. घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर वापरण्याआधी ती किनार घासून टाका, नाहीतर एखादी कपची थेट डोळ्यात जाते.

मोजमापाची साधनं जुनी घेऊ नका, असं सर सांगतात आणि बरोबरच सांगतात. तरी गुण्या तपासणं सोपं आहे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढा कोन दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. वर्नियर मिटवून उजेडासमोर धरा. शून्य जुळत नसेल तर ती चूक वजा करता येते, पण जबडे टोकाशी झिजून मधून प्रकाश येत असेल तर ती वस्तू पेपरवेट समजा.

गंज काढायला भंगारवाले ॲसिड सुचवतात, ते नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाका आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या. मायनस हत्याराला, प्लस एखाद्या लोखंडी पत्र्याला, दोन्ही एकमेकांना न चिकटवता. रात्रीत गंज सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. प्लसला स्टीलचं ताट लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे उघड्यावर करायचं, रूममध्ये नाही. (वॉर्डन सरांनी हे वाक्य कृपया वाचावं.) नंतर लगेच कोरडं करून तेल लावा. दांडा मोडका असेल तर गावच्या सुताराकडून धामणीचा बसवून घ्या. ती लवचिक असते, हाताला झटका कमी देते.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. आपण कसारा लाईनवर राहतो. रेल्वेचा शिक्का असलेला पाना, चावी किंवा क्लिप भंगारात दिसली तर हातही लावू नका. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्यात चोरीचा वाजवी संशय असलेली वस्तू नुसती जवळ सापडली तरी ती आपल्याकडे रीतसर आली हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कारखान्याचं नाव कोरलेल्या वस्तूचंही तेच. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. प्लेसमेंटच्या वर्षी ऐंशी रुपयांच्या पान्यापायी चौकीत बसायची हौस कुणाला आहे?

आणि भावाचं काय? मुरबाडच्या बाजूला एका घरी आम्ही पेटी बघायला गेलो होतो. आजोबा सुतार, वारून वर्ष झालेलं. आत दोन रंधे, पाच पटाश्या, सामता, वाकस. आजी म्हणाल्या, "भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, तुम्ही पण तेवढेच द्या, बाळांनो." मित्राने मला कोपराने ढोसलं. खरं तर तेवढ्यात व्यवहार झाला असता. पण किलोचा भाव लोखंडाचा असतो, धारेचा नसतो. लाकडी रंध्याला तर भंगारवाला पैसेच देत नाही. आम्ही बाहेर जाऊन हिशोब केला आणि नव्या पटाशीच्या निम्म्या किमतीने पटाश्या आणि एक रंधा घेतला. तरी आमचा फायदाच झाला. वाकस घ्यायला मी हात पुढे केला तर आजींनी तो काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हा नको, नातू मागेल."

तो रंधा सध्या रूम नंबर २१४ मध्ये आहे, प्रोजेक्टवाल्यांनी मागून न्यावा. मला अजून चार इंची वाईस हवा आहे. कुठे दिसला तर आधी रंग खरवडून बघा, मग मला हाक मारा.