जहाजांचे इंधन स्वच्छ झाले. पंपांची कसोटी वाढली

कुरकुंभ - पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपासून समुद्र बराच दूर आहे. मात्र, येथून परदेशी जाणाऱ्या रसायनांचा कंटेनर न्हावा-शेवा बंदरात जहाजावर चढला, की त्याचा पुढचा प्रवास जहाजाच्या इंजिनावर आणि त्या इंजिनाला इंधन पुरविणाऱ्या पंपावर अवलंबून राहतो. जहाजांच्या धुरावरील जागतिक निर्बंध गेल्या वीस वर्षांत कडक होत गेले, तसा हा पंपच अनेक जहाजांवर चिंतेचा विषय ठरला आहे.

गंधकावर टाच

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय कराराचे हवेच्या प्रदूषणाविषयीचे सहावे परिशिष्ट १९ मे २००५ रोजी अमलात आले. त्या वेळी जहाजाच्या इंधनात ४.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. २०१२ मध्ये ही मर्यादा ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के करण्यात आली. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या विशेष क्षेत्रांत २०१५ पासून केवळ ०.१ टक्का गंधकास परवानगी आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही या क्षेत्रांत आला. धूर धुऊन काढणारी यंत्रणा ज्या जहाजांवर आहे, त्यांना जुने इंधन वापरता येते. इतरांना इंधन बदलण्यावाचून पर्याय नाही.

गंधकाच्या धुरामुळे श्वसनाचे विकार बळावतात आणि आम्लवर्षा होते. त्यामुळे या निर्बंधांची गरज वादातीत आहे. प्रश्न आहे तो जुन्या इंजिनांना नवे इंधन पचविण्याचा.

पातळ इंधनाची अडचण

शेतकऱ्यांना ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचा परिचय असतो. गॅरेजमध्ये ज्याला 'एलिमेंट' म्हणतात, ती दट्ट्या आणि नळीची जोडी हा त्या पंपाचा प्राण. जहाजाच्या इंजिनातील पंपाचे तत्त्वही तेच. आकार मात्र कितीतरी मोठा. दट्ट्या आणि नळी यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते. तिच्यात शिरलेले इंधनच दोन्ही पृष्ठभागांना वंगण पुरविते आणि दाब टिकवून धरते.

जुने जड इंधन हा तेलशुद्धीकरणानंतर उरणारा डांबरासारखा दाट गाळ. तो साधारणपणे १३० ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पंपात सोडला जातो. तेथे त्याचा दाटपणा १० ते १५ सेंटिस्टोक राहील, अशा बेताने पंपाची रचना केलेली असते. विशेष क्षेत्रांत वापरले जाणारे डिझेलसदृश सागरी इंधन मात्र ४० अंशांनाच २ ते ६ सेंटिस्टोक इतके पातळ असते. इंजिनघरातील उष्णतेने ते आणखी पातळ होते. इंजिनापाशी किमान २ सेंटिस्टोक दाटपणा असावा, असा इंजिन उत्पादकांचा सर्वसाधारण दंडक आहे.

इंधन याहून पातळ झाले, की ते फटीतून निसटते आणि पुरेसा दाब तयार होत नाही. शिवाय गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनातील नैसर्गिक वंगण देणारी संयुगेही निघून जातात. परिणामी दट्ट्या झिजतो किंवा नळीत अडकून बसतो. आधीच झिजलेला पंप जड इंधनावर निभावून नेतो. पातळ इंधनावर त्याचे दोष उघडे पडतात.

धोका वाढतो तो नेमका बंदराच्या तोंडाशी. तेथे जहाज मंद गतीने चालते, इंजिन वारंवार बंद-चालू करावे लागते आणि जागा अरुंद असते. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये किनाऱ्यालगत शुद्ध इंधनाची सक्ती केल्यानंतर इंजिन ऐनवेळी बंद पडण्याच्या घटनांत वाढ झाल्याचे तेथील तटरक्षक दलाला आढळले होते. अशा वेळी जहाजाबरोबर त्यावरील खलाशांची सुरक्षितताही पणाला लागते.

सुधारणा कोणत्या?

त्यामुळे पंपांमध्ये तीन प्रकारचे बदल केले जातात. झिजलेल्या जोड्या बदलून कठीण लेप दिलेले दट्ट्ये बसविणे, हा पहिला. पंपातील सील बदलून इंधन वंगणतेलात मिसळणार नाही याची व्यवस्था करणे, हा दुसरा. इंधनाच्या मार्गात शीतक बसवून त्याचा दाटपणा राखणे, हा तिसरा. याखेरीज एका इंधनावरून दुसऱ्यावर जाताना तापमान मिनिटाला दोन अंशांहून अधिक वेगाने बदलू नये, हे पथ्य पाळावे लागते. अन्यथा दट्ट्या आणि नळी कमी-अधिक आकुंचन पावून एकमेकांत अडकतात.

दुसरा निर्बंध नायट्रोजनच्या ऑक्साइडचा आहे. मंदगती इंजिनांसाठी ही मर्यादा २००० पासूनच्या जहाजांना प्रतिकिलोवॉट तास १७ ग्रॅम, २०११ पासूनच्या जहाजांना १४.४ ग्रॅम, तर विशेष क्षेत्रांतील नव्या जहाजांना ३.४ ग्रॅम आहे. इंधन कधी आणि किती दाबाने फवारले जाते, यावर हे प्रमाण बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच नव्या इंजिनांत संगणकनियंत्रित 'कॉमन रेल' पद्धत आली. पंपाच्या दट्ट्यावरील ओळखक्रमांकही इंजिनाच्या प्रमाणपत्राशी जोडलेल्या कागदपत्रांत नोंदलेला असतो. स्वस्त मिळाला म्हणून कोणताही सुटा भाग बसविल्यास तपासणीत ते प्रमाणपत्रच अडचणीत येऊ शकते.

पुणे जिल्ह्याचा संबंध

या तंत्रज्ञानाशी पुणे जिल्ह्याचा थेट संबंध आहे. ६ मेगावॉट क्षमतेचे मध्यमगती सागरी डिझेल इंजिन देशातच विकसित करण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने २ एप्रिल २०२५ रोजी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी करार केला. प्रकल्पाचा खर्च २७० कोटी रुपये असून त्यातील ७० टक्के वाटा सरकार उचलणार आहे. हे इंजिन नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांसाठी आहे.

पुढची कसोटी याहून अवघड आहे. मिथेनॉलसारखी इंधने डिझेलपेक्षाही पातळ आणि जवळपास वंगणहीन असतात. कारखान्यांच्या दुर्गंधीविषयी आणि सांडपाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी करणाऱ्या कुरकुंभ परिसराला यातील मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. मर्यादा कागदावर ठरविता येते. ती पाळली जाण्यासाठी प्रत्यक्ष यंत्रात बदल करावा लागतो आणि त्याचा खर्च कोणाला तरी वेळेत उचलावा लागतो.