चोर बीटी कोणी जन्माला घातले?

जून लागला की अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडे सरकी दोन वाटांनी येते. एक वाट कृषी सेवा केंद्राची. तिथल्या पाकिटावर ४७५ ग्रॅम वजन असते, लॉट क्रमांक असतो, उगवणशक्तीची टक्केवारी आणि केंद्र सरकारने ठरवून दिलेली किंमत असते. सोबत पक्के बिल मिळते. दुसरी वाट बिलाविना, हातोहात. तिला गावात नाव पडले आहे चोर बीटी. तणनाशक फवारले तरी ही पऱ्हाटी मरत नाही, निंदणाचा खर्च वाचतो, म्हणून ती घेतली जाते. या बियाण्याला देशात परवानगी नाही. सरकारच्या निर्णयाने उद्योगाला कशी दिशा मिळते याचा विचार या लेखमालेत चालू आहे. आज न घेतलेल्या निर्णयाबद्दल. निर्णय टाळला म्हणून तंत्रज्ञान शेतात यायचे थांबत नाही. थांबते ते संशोधन, असे माझे म्हणणे आहे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. २०१३-१४ पर्यंत देशाचे उत्पादन ३९८ लाख गाठींच्या घरात गेले. ते सगळे श्रेय बीटीचे नाही. गुजरातेतले सिंचन आणि नवी कीटकनाशकेही त्यात आहेत. पण २००६ नंतर कपाशीत एकही नवा जनुकीय गुण मंजूर झाला नाही. बोंडअळी मात्र बदलत राहिली. दोन्ही जनुके तिने पचवली आणि २०१७ मध्ये विदर्भातली हिरवी बोंडे आतून पोखरली. दरम्यान डिसेंबर २०१५ मध्ये बियाण्याच्या दरनियंत्रणाचा आदेश निघाला. पुढच्या हंगामात एका पाकिटामागचे तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपयांवर आणले गेले, २०२० पासून ते शून्य झाले. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाचा अर्ज बीटी आणणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. अर्ज गेला, बियाणे गेले नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तेच बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. कायदा मोडला गेला, हे खरेच. पण चोरवाट तयार झाली होती ती दिल्लीतल्या फाइलीमुळे.

दरनियंत्रणाच्या बाजूने मोठा मुद्दा आहे, तो बाजूला सारता येणार नाही. सुरुवातीला पाकीट १६०० रुपयांच्या वर होते आणि कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्याला तो भार पेलणारा नव्हता. कंपनीची मक्तेदारी मोडायलाच हवी होती. प्रश्न आहे ती कशाने मोडायची याचा. चीनने १९९७ च्या सुमारास अमेरिकी कंपनीला दार उघडले आणि त्याच वेळी आपल्या कृषी विज्ञान अकादमीने तयार केलेले बीटी वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. आपल्याकडे नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, त्याच गावात महाबीजचे मुख्यालय, एवढे सगळे असताना अकोल्याच्याच पीकेव्ही हायब्रीड-२ ला बीटीचे रूप मिळून ते बाजारात येईपर्यंत दीड दशक गेले. सरकारी बीटीचे एक सरळ वाण त्याआधी आणले होते; त्यात खासगी कंपनीचेच जनुक आढळल्याने ते मागे घ्यावे लागले. किंमत कागदावर उतरवता येते. पर्याय प्रयोगशाळेत घडवावा लागतो, आणि त्याला माणसे, पैसा व वर्षे लागतात.

त्यातच आपण बीटी जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांत दिले. संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरून चालत नाही, म्हणून कंपनीची विक्री दरवर्षी पक्की. शेतकऱ्याच्या वाट्याला येते महाग बियाणे, म्हणून विरळ लागवड, आणि लांब मुदतीचे झाड. वऱ्हाडातल्या हलक्या जमिनीत पाऊस सरतो तेव्हा बोंडे भरायची राहिलेली असतात, आणि हिवाळ्यापर्यंत उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीच्या आणखी पिढ्या पोसल्या जातात. ब्राझीलमध्येही बहुतांश कापूस पावसावर येतो. तिथला पाऊस जास्त आहे, मान्य. तरी दाट पेरलेल्या सरळ वाणांतून हेक्टरी रुई आपल्या तिपटीहून अधिक निघते. आपले पीक असे कमी पडते त्याची झळ गिरण्यांपर्यंत पोहोचते. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. पुढच्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले.

तणनाशकाच्या अतिवापराची भीती मला खरी वाटते, आणि निंदणावर जगणाऱ्या बायांच्या मजुरीचा प्रश्न त्याहून खरा. पण चोर बीटीच्या शेतात या दोन्ही गोष्टी आजच घडत आहेत, कोणत्याही चाचणीविना, कोणत्याही नोंदीविना. बंदीने त्या बायांची मजुरी वाचलेली नाही. धोका मोजायचा तर चाचणी उघड हवी, मुदतीची हवी, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तेही कारणांसह, तारीख घालून जाहीर व्हायला हवे. सोबत अकोला आणि नागपूरला कमी मुदतीच्या सरळ बीटी वाणांसाठी वर्षानुवर्षे टिकणारा निधी हवा.

तोवर शेतकरी बांधवांना एकच विनंती: बिलाविना सरकी घेऊ नका. ती उगवली नाही, तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे ठेवायला तुमच्या हातात काहीच नसते.