आज ताजं काय आहे?

मेन्यूकार्ड बाजूला ठेवा. दादरचं 'सिंधुदुर्ग' असो की वांद्रे पूर्वेचं 'हायवे गोमंतक', मुंबईतल्या जुन्या मालवणी-गोमंतकी हॉटेलांत पहिला प्रश्न एकच : "आज ताजं काय आहे?"

आपण नेमकं उलट करतो. बसल्या बसल्या ऑर्डर, "दोन पापलेट थाळी, एक सुरमई!" मग बिल बघून डोळे पांढरे. अहो, पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला तो आपल्या जिभेचे चोचले पुरवायला नव्हे. समुद्रात तो कमी होत चाललाय, त्याला जपायचंय म्हणून. आणि कोकणातल्या घरांत रोज कुठे पापलेट शिजतं? तिथे बांगडा असतो, मांदेली, लेपा, तिसऱ्या असतात.

बांगड्याचं तिखलं मागवून बघाच. त्यातलं तिरफळ मात्र चावू नका, जीभ बधिर होते. त्याचा फक्त वास घ्यायचा. रव्यात घोळवून तळलेली मांदेली काट्यासकट कुरकुरीत लागतात, म्हणजे 'मला काटे नको बाबा' म्हणणाऱ्या कलीगचीही सोय झाली. सोबत भात घ्या, चपाती पुढच्या वेळी. सोलकढीची दुसरी वाटी मागायला लाजायचं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुतेक बर्फातलीच! त्या दिवसांत सुक्या जवळ्याची किसमूर आणि सुका बांगडा मागवावा, कोकणातले लोकही पावसाळ्यात तेच खातात.

हो, आणि एकच्या आत पोचा. नंतर टेबल शेअर करावं लागतं.