मासा छोटा म्हणजे गरीब? रीफ टँक भरण्याआधी हे वाचा

‘फाइंडिंग नीमो’मधला क्लाऊनफिश, निळाशार डॅमसेल आणि लाल शेपटीचा फायरफिश. तिघेही जेमतेम बोटाएवढे. मग खाऱ्या पाण्याच्या एकाच टँकमध्ये ते सुखाने नांदतील? छोट्या टँकमध्ये बहुतेकदा नाही.

कारण इथे भांडण होतं ते जागेवरून. डॅमसेल स्वस्त आणि काटक, म्हणून अनेक नवखे लोक तोच आधी सोडतात. तो एखादी कपार बळकावतो आणि नंतर येणाऱ्यांना हुसकावत राहतो. फायरफिश मुळातच भित्रा. तो उपाशीपोटी लपून बसतो, नाहीतर घाबरून थेट टँकबाहेर उडी मारतो.

मग काय करायचं?

क्रम पाळा: भित्रे मासे आधी, दांडगट शेवटी. म्हणजे आधी फायरफिश, मग क्लाऊनफिश. छोट्या टँकमध्ये डॅमसेल नकोच.

जोडी एकच ठेवा: क्लाऊनफिश दोनच घ्या, एक मोठा आणि एक लहान. मोठा मासा मादी बनतो, लहान नर राहतो.

खाणं तपासा: रंगीबेरंगी मँडरीन मासा शांत असतो, पण तो मुख्यतः कोपेपॉड नावाचे इवलेसे जिवंत जीव खातो. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात आणि मासा उपासमारीने मरतो.

झाकण लावा: बारीक जाळीचं झाकण उडी मारणाऱ्याचा जीव वाचवतं.

दुकानात फक्त ‘केवढ्याला?’ विचारू नका. ‘काय खातो आणि कोणाशी भांडतो?’ हेही विचारा. समुद्रात हरलेला मासा पळून जातो, टँकमध्ये त्याला पळायला जागाच नसते.