दरवर्षी नवा होणारा चेहरा

बीजिंगच्या तियानआनमेन दरवाजावरचा माओंचा चेहरा तुम्ही फोटोंत पाहिला असेलच. पण तो हातानं, तैलरंगात रंगवलेला आहे, हे ठाऊक होतं? आणि दरवर्षी 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाआधी जुनं चित्र उतरवून तिथं ताजं चढवतात, हे? उंची सुमारे 6 मीटर, वजन दीड टनाच्या आसपास. उचलायला क्रेनच हवी!

आता चित्रकाराची पंचाईत बघा. नाकाखालची सावली रंगवायची तर चित्राला अगदी भिडून उभं राहावं लागतं, आणि तिथून चेहरा दिसतच नाही. दिसतो नुसता तपकिरी पट्टा. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणाऱ्या पेंटरांचीही हीच गोष्ट. पण त्यांना नायकाच्या गालावर बेधडक हिरवा फटकारा मारायची मुभा होती. इथं ब्रशची खूणसुद्धा दिसता कामा नये.

ही शिस्त समाजवादी वास्तववादाची. 1934 मध्ये सोव्हिएत संघात हा कलेचा अधिकृत पंथ ठरला आणि तिथून तो चीनमध्ये आला. 1955 ते 57 या काळात कॉन्स्टँटिन माक्सिमोव्ह या रशियन चित्रकारानं बीजिंगच्या कला अकादमीत तरुणांना तैलचित्रण शिकवलं. पुढं चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत नेत्याच्या चेहऱ्यासाठी नियमच झाला: लाल, उजळ, तेजस्वी. गालाला गोलाई द्यायला चित्रकार एरवी सावलीत निळा-हिरवा थंडावा मिसळतात. तोच वर्ज्य! मग सावल्याही उबदार रंगातच गडद करत न्यायच्या. परिणाम काय होतो? उजेड चेहऱ्यावर पडलेला वाटत नाही, चेहऱ्यातूनच येतोय असं वाटतं. केवढी ही करामत!

आणि ते कान! चित्रकार वांग ग्वोदोंग 1964 पासून तियानआनमेनवरचं हे चित्र रंगवत. त्यांच्या चित्रात चेहरा किंचित वळलेला होता, एकच कान दिसे. अध्यक्ष माओ मोजक्यांचंच ऐकतात असं सुचवायचंय का, असा आरोप झाला. त्यानंतर ते समोर तोंड करून, दोन्ही कानांसह अवतरले. एका कानावर केवढं राजकारण!

दरवाजासमोरच्या चौकात कुठंही उभे राहा, ते डोळे तुमच्याकडेच बघतात. का बरं? खरा माणूस समोर असेल तर आपण बाजूला सरकलो की त्याच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग एकीकडे वाढलेला दिसतो. सपाट चित्रात हा हिशेब कायमचा गोठलेला असतो. कोनातून चित्र अरुंद दिसेल, पण समोर रोखलेली नजर समोरच रोखलेली राहते.

वांग यांच्यानंतर हे काम त्यांचे शिष्य गे शियाओग्वांग यांच्याकडे आलं. चित्रावर सही नाही. आयुष्यभर एकच चेहरा रंगवायचा, आणि आपला हात कुठंही ओळखू येऊ द्यायचा नाही! हे कसब मला तरी कुठल्याही बहुरंगी प्रतिभेइतकंच थक्क करतं.

मे 1989 मध्ये चौकातल्या आंदोलनादरम्यान तिघांनी रंग भरलेली अंडी या चित्रावर फेकली. ते आधी झाकलं गेलं आणि त्याच दिवशी तिथं दुसरं चित्र लागलं. कारण जोडीचं चित्र आधीपासून तयारच ठेवलेलं असतं.