‘पुट अप’ : एक क्रियापद, अनेक अर्थ

‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४’ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालावा यासाठी १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारखी साधने सिद्ध केली. ‘कमिशनर’ म्हणजे आयुक्त, ‘फाईल’ म्हणजे नस्ती, ‘ड्राफ्ट’ म्हणजे मसुदा, असे नामांचे पर्याय त्यामुळे स्थिर झाले. क्रियापदांची गोष्ट मात्र निराळी आहे. इंग्रजीत रोजच्या वापरातील काही क्रियापदे अशी आहेत की, वाक्य बदलले की त्यांचा अर्थ बदलतो. कार्यालयात पदोपदी भेटणारे ‘पुट अप’ हे त्यांपैकीच एक होय.

जोडक्रियापदाची घडण

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर. या दोन शब्दांची बेरीज केली तर ‘वर ठेवणे’ एवढाच अर्थ निघावा. परंतु इंग्रजीत मूळ क्रियापदाला असा एखादा छोटा शब्द जोडला की पुष्कळदा बेरजेपलीकडचा नवा अर्थ तयार होतो. मराठी माणसाला हे अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपले ‘लावणे’ हे क्रियापद पाहावे. आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुलूप लावतो. पंचायत कर लावते आणि एखादा दुसऱ्याला फूस लावतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची ‘लावणे’पाशी जी अडचण होते, तीच आपली ‘पुट अप’पाशी होते.

कार्यालयातील अर्थ

शासकीय नस्तीवर ‘पुट अप’ हा शेरा आला की त्याचा अर्थ ‘सादर करावे’ असा होतो. लिपिकाने टिप्पणी लिहून प्रकरण वरिष्ठांपुढे ठेवावयाचे असते. ‘नस्ती वर गेली’ असे आपण बोलताना म्हणतो, त्यातील ‘वर’ आणि इंग्रजीतील ‘अप’ एकाच दिशेचे आहेत. मराठीने येथे एक पाऊल पुढे टाकले आहे. प्रकरण कशासाठी सादर होत आहे, हे ‘आदेशार्थ सादर’, ‘मान्यतेसाठी सादर’, ‘अवलोकनार्थ सादर’ अशा शब्दयोजनेतून तात्काळ कळते. नुसत्या ‘पुट अप’मधून ते कळत नाही.

मात्र प्रत्येक ‘पुट अप’ म्हणजे ‘सादर करणे’ नव्हे. पुढील वापर त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

इमारत, मंडप वा कुंपण यांच्या संदर्भात ‘पुट अप’ म्हणजे उभारणे किंवा बांधणे. सूचना वा यादी फलकावर ‘पुट अप’ करणे म्हणजे ती लावणे, प्रदर्शित करणे. निवडणुकीत पक्षाने उमेदवार ‘पुट अप’ केला म्हणजे उभा केला. भाव किंवा भाडे ‘पुट अप’ केले म्हणजे वाढविले. जमीन विक्रीसाठी ‘पुट अप’ केली म्हणजे विक्रीस काढली. एखाद्या कामासाठी पैसा ‘पुट अप’ केला म्हणजे पुरविला. पाहुण्याला ‘पुट अप’ केले म्हणजे आपल्या घरी उतरवून घेतले. ‘आपण कोठे पुट अप आहात?’ असे आपल्याकडील इंग्रजीत विचारतात, तेव्हा प्रश्न मुक्कामाचा असतो. विरोध ‘पुट अप’ करणे म्हणजे प्रतिकार करणे. संगनमताने आधीच रचून ठेवलेल्या प्रकाराला ‘पुट-अप जॉब’ म्हणतात. त्याला आपला ‘बनाव’ हा शब्द चपखल बसतो.

याच शब्दांपुढे ‘विथ’ आला की अर्थ पूर्णपणे पालटतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, सहन करणे, चालवून घेणे.

चूक कोठे होते?

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही, हे दोन कल्पित उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

एका शाळेच्या इंग्रजी अर्जात असे लिहिले आहे की, विद्यार्थ्यांनी दोन वर्षे गळके छप्पर ‘पुट अप विथ’ केले. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ‘विथ’ सुटला, तर ‘छप्पर सोसले’ याऐवजी ‘छप्पर उभारले’ असा अर्थ लागेल. दुरुस्तीची मागणी काम पूर्ण झाल्याचा अहवाल ठरेल आणि मुले आणखी एक पावसाळा गळक्या छपराखाली काढतील.

दुसरे उदाहरण ग्रामपंचायतीचे. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे ‘पुट अप’ करावी आणि नंतर फलकावर ‘पुट अप’ करावी, असे पत्र आले. येथे पहिल्या ठिकाणी ‘मांडावी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लावावी’ असे म्हणावयास हवे. दोन्ही ठिकाणी सवयीने ‘सादर करावी’ असे लिहिले गेले, तर यादी गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोहोचेल आणि फलक मोकळा राहील. ज्याचे नाव वगळले गेले, त्याला ते वेळेत कळणार नाही आणि हरकत घेण्याची संधी हातची जाईल.

प्रतिशब्दाची कसोटी

अशी चूक टाळण्याचा सोपा उपाय आहे. मराठी पर्याय शोधण्यापूर्वी त्या वाक्यात ‘पुट अप’च्या जागी एकच इंग्रजी शब्द ठेवून पाहावा. ‘सबमिट’ बसला तर सादर करणे. ‘इरेक्ट’ बसला तर उभारणे. ‘डिस्प्ले’ बसला तर फलकावर लावणे. ‘रेज’ बसला तर वाढविणे. ‘नॉमिनेट’ बसला तर उमेदवार म्हणून उभा करणे. ‘अकॉमोडेट’ बसला तर राहण्याची सोय करणे. आणि ‘पुट अप विथ’च्या जागी ‘टॉलरेट’ बसला तर सहन करणे. त्याबरोबरच काय, कोणी आणि कोणापुढे, हे तीन प्रश्न विचारले की संदिग्धता सहसा उरत नाही. संगणकाकडून करून घेतलेले भाषांतरही याच कसोटीवर तपासून घेणे इष्ट ठरेल.

शिक्षकांनी वर्गात आणखी एक बाब दाखवून द्यावी. ‘पुट अप’चे कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये येते, ‘पुट इट अप’ असे म्हणतात, ‘पुट अप इट’ असे म्हणत नाहीत. ‘पुट अप विथ’ मात्र तुटत नाही. तेथे सर्वनाम शेवटीच येते. पाठांतरासाठी अर्थांची लांब यादी देण्यापेक्षा शाळेतील फलक, गावातील मंडप, बाजारातील भाव अशा परिचित प्रसंगांतून हे प्रयोग शिकविले तर ते विद्यार्थ्यांच्या मनावर ठसतात.

मराठीत ‘पुट अप’ला एकच पर्याय नाही, ही भाषेची उणीव मानू नये. सादर करणे, मांडणे, लावणे, उभारणे, सोसणे हे वेगवेगळे व्यवहार आहेत आणि मराठीने त्यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत. त्यांपैकी नेमका शब्द निवडला गेला, तर पत्र वाचणाऱ्या सरपंचाला दुसऱ्या कोणाकडून अर्थ विचारून घ्यावा लागणार नाही. राजभाषेचा हेतू सफल होतो तो अशाच लहान लहान ठिकाणी.