ढिगाऱ्याखालची माणसे आणि त्यांची मूत्रपिंडे

१९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. कोसळलेल्या घरांखालून माणसे उपसून काढावी लागत. त्यांपैकी काहींचा पाय किंवा हात तुळईखाली कित्येक तास चेंगरलेला असे. सुटका होताच ही माणसे बरी दिसत, बोलतही. परंतु काही तासांतच तो अवयव सुजे, रक्तदाब उतरे, लघवी कमी होऊन काळपट होई आणि सुमारे आठवड्याभरात रोगी दगावे. मूत्रपिंडांना तर कोठेच मार लागलेला नव्हता!

बायवॉटर्स व बील या संशोधकांनी अशा चार रोग्यांचे वर्णन १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केले. मृतांच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका एका रंगद्रव्याने तुंबलेल्या आढळल्या. हे द्रव्य म्हणजे स्नायूंतील मायोग्लोबिन होय, असे पुढे ठरले. (मेसिनाच्या १९०८ च्या भूकंपानंतर असेच रोगी जर्मन ग्रंथांत नोंदले गेले होते, पण ती नोंद विस्मृतीत गेली होती.) दाब हटताच चेंगरलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन व पोटॅशियम रक्तात उतरतात, तर रक्तातील पाणी सुजलेल्या अवयवात झिरपते. म्हणजे मूत्रपिंडास रक्त कमी मिळते आणि जे मिळते तेही दूषित.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेला परत शोषून घेणाऱ्या नलिकांना प्राणवायू भरपूर लागतो, पण मूत्रपिंडाच्या आतल्या भागात त्याचा पुरवठा मुळातच बेताचा असतो. म्हणून शरीरावर कोठेही संकट आले तरी त्याची झळ तेथे लवकर पोहोचते.

आजच्या अतिदक्षता विभागांत या विकाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सर्वांगात भिनलेला जंतुसंसर्ग. त्यात मूत्रपिंडाकडे येणारे एकूण रक्त घटलेले नसतानाही इजा होऊ शकते, हे विशेष. मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, दुबळे हृदय हीही कारणे आहेत. जेंटामायसिनसारखे औषधही कधी घातक ठरते. आपल्याकडे घोणसाचा दंश, मलेरिया व तीव्र हगवण यांची त्यात भर पडते.

भूकंपानंतर आता शक्य तेथे रोगी ढिगाऱ्याखाली असतानाच त्याच्या शिरेतून मिठाचे पाणी देण्यास आरंभ करतात. पोटॅशियमयुक्त द्रव मात्र कटाक्षाने टाळतात.